सह्याद्रीतील प्रदेशनिष्ठ गोगलगाय : ‘वरदिया आंबोलिएन्सिस’च्या निमित्ताने

प्रस्तावना

जुलै २०२२ मध्ये मराठवाड्यातील लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत सोयाबीनचे नुकतेच उगवलेले पीक गोगलगायींनी फस्त केले. रात्री बाहेर पडून त्या कोवळे कोंब जमिनीलगत कुरतडीत आणि सकाळी शेतकरी बांधावर येई तेव्हा ओळीच्या ओळी मोकळ्या झालेल्या दिसत. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. पुढे राज्य शासनाने गोगलगायींमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई दिली. सोयाबीन हे माळव्याचेही मुख्य खरीप पीक होय आणि या पिकाच्या संशोधनाची केंद्रीय संस्था १९८७ पासून इंदूर येथेच आहे. साहजिकच मराठवाड्यातील ही बातमी इंदूर परिसरात परक्या मुलखाची बातमी ठरत नाही.

याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे २०२१ मध्ये, ‘युरोपियन जर्नल ऑफ टॅक्सॉनॉमी’ या नियतकालिकात अमृत भोसले, तेजस ठाकरे आणि वेल्समधील राष्ट्रीय संग्रहालयाचे बेन रोसन यांनी महाराष्ट्राच्या सह्याद्रीतील एका गोगलगायीचे वर्णन प्रसिद्ध केले. ती केवळ नवी जातच नव्हती. ज्ञात असलेल्या कोणत्याही प्रजातीत ती बसेना, म्हणून तिच्यासाठी प्रजातीही नवी स्थापावी लागली. सरपटणाऱ्या व उभयचर प्राण्यांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्या नावावरून प्रजातीला ‘वरदिया’ आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीवरून जातीला ‘आंबोलिएन्सिस’ असे नाव मिळाले.

एकीला मारण्यासाठी कृषी विभाग पत्रके काढतो आणि दुसरीचा अधिवास उत्तर सह्याद्रीच्या चिंचोळ्या पट्ट्यात सामावलेला आहे. तरीही मराठीत दोघींना एकच शब्द, गोगलगाय. हा फरक वर्गात समजावून देण्याची जबाबदारी बहुधा ज्यांच्यावर येते, त्या कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांसाठी, विशेषतः शेती, रोपवाटिका व बागकाम यांचे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम शिकविणाऱ्यांसाठी, प्रस्तुत लेख आहे.

नावाचा विचार

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण मराठी भाषकांना परिचित आहे. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतल्या गाठीच्या माणसाविषयी ती वापरली जाते. गंमत अशी की, माणसाविषयी म्हणून केलेले हे विधान प्राणिशास्त्राच्या दृष्टीने शब्दशः खरे आहे. गोगलगाय ज्यावर सरकते तो स्नायूंचा सपाट तळवा म्हणजे तिच्या शरीराची खालची, पोटाकडील बाजू होय. प्राणिशास्त्रात या वर्गाला ‘गॅस्ट्रोपोडा’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘गॅस्टर’ म्हणजे पोट आणि ‘पोडोस’ म्हणजे पायाचा. अरबीत याच वर्गाला ‘बतनिय्यातुल कदम’ अशी संज्ञा आहे. ‘बतन’ म्हणजे पोट, आणि ‘कदम’ हा शब्द तर उर्दूइतकाच मराठीतही रुळलेला आहे. तीन भाषांनी एकच गोष्ट पाहिली आणि एकच नाव ठेवले. मराठीने तेवढी तिची म्हण केली. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला ‘गॅस्ट्रोपोडा’ पाठ करावयास लावण्यापेक्षा ही तीन नावे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्यास संज्ञा आपोआप लक्षात राहते.

माळव्यात हिंदी-उर्दू बोलणारे या प्राण्याला घोंघा म्हणतात आणि ‘घोंघा बसंत’ म्हणजे मंदबुद्धी माणूस. अरबी-फारसीतील शब्द ‘हलज़ून’ होय. कैरोचे विद्वान कमालुद्दीन दमीरी (मृत्यू १४०५) यांनी ‘हयातुल हयवान’ या आपल्या प्राणिकोशात हलज़ूनची नोंद केली आहे. दगडासारख्या नळीत राहणारा, समुद्रकाठी व नदीकाठी आढळणारा कृमी असे तिचे स्वरूप सांगून ते पुढे म्हणतात की, हा प्राणी अर्धे अंग बाहेर काढून चाचपडतो. मऊ ओलसर लागले तर पुढे सरतो, खरखरीत किंवा कठीण लागले तर आत ओढून घेतो. कृमी म्हणण्यातली चूक सोडली तर हे निरीक्षण आजही कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. ‘मऊ ओलसर’ आणि ‘कठीण कोरडे’ या दोन शब्दांतच जमिनीवरच्या गोगलगायीच्या साऱ्या भूगोलाची किल्ली आहे.

ओलावा आणि चुना

जमिनीवर राहणाऱ्या गोगलगायीला दोन गोष्टींवाचून चालत नाही. अंगातले पाणी टिकावे म्हणून ओलावा आणि शंख घडविण्यासाठी चुना, म्हणजे कॅल्शियम. या दोहोंचे प्रमाण ठिकाणागणिक बदलते.

इंदूर परिसराचे उदाहरण घ्यावे. येथे वर्षाला सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. परंतु माळव्याच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, ठिकठिकाणी सापडतात. चुना आहे, ओलावा नाही. अशा प्रदेशात टिकणाऱ्या गोगलगायीला जाड, घट्ट शंख परवडतो आणि तो तिला लागतोही. पाऊस सरला की ती शंखात शिरते, तोंडावर वाळलेल्या चिकट द्रवाचा पडदा ओढते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत पडून राहते.

ही सुप्तावस्था किती लांबू शकते याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. इजिप्तच्या वाळवंटातील एक गोगलगाय २५ मार्च १८४६ रोजी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मृत समजून पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटविण्यात आली. मार्च १८५० मध्ये शंखाच्या तोंडाशी पडद्याचा रंग पालटलेला कोणाच्या तरी लक्षात आला. कोमट पाण्यात ठेवताच ती बाहेर आली आणि चालू लागली. चार वर्षे तिने अन्नपाण्यावाचून संग्रहालयाच्या कपाटात काढली होती.

आंबोलीची स्थिती नेमकी उलट आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील हे गाव कोकणातून घाट चढून वर आले की लागते. येथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे इंदूरच्या सुमारे सातपट पाऊस पडतो. या पावसाने जमिनीतील विद्राव्य क्षार युगानुयुगे धुऊन नेले आणि वर जांभा उरला. ओलावा भरपूर, चुना दुर्मीळ. अशा ठिकाणी जड शंख घडविणे महाग पडते आणि धुक्यात, ओल्या पाचोळ्यात राहणाऱ्या प्राण्याला त्याची गरजही कमी भासते. जगभर दमट व चुना कमी असलेल्या जंगलांत शंख लहान होत गेलेल्या गोगलगायी आढळतात, त्याची कारणमीमांसा सामान्यतः अशीच केली जाते.

वरदिया ही या प्रकारची गोगलगाय आहे. शंख अजिबात नसलेल्या गोगलगायींना ‘स्लग’ म्हणतात, तर वरदिया ‘अर्ध-स्लग’ गटात मोडते. तिच्या पाठीवर पातळ शंख असतो, पण तो इतका लहान की संकट आले तरी तिला त्यात पूर्ण शिरता येत नाही. पाठीवरील त्वचेच्या पाळी त्या शंखाला कडेने वेढून घेतात. घर आहे, पण दार लावण्यापुरते नाही. अशा प्राण्याला माळव्यातला एक उन्हाळाही काढता येणार नाही.

अधिवास लहान का राहतो

गोगलगायीच्या मंद चालीचा उल्लेख येथे होणे स्वाभाविक आहे, पण केवळ मंदपणा हे कारण पुरेसे नाही. मंद चालणारा प्राणीही लाखो वर्षांत पुष्कळ दूर जाऊ शकतो. खरा अडसर वाटेत येणाऱ्या कोरड्या पट्ट्याचा आहे. घाटमाथ्यावरचे दाट जंगल संपले की पूर्वेला काही किलोमीटरच्या आतच पाऊस झपाट्याने कमी होतो. हरणाला ते अंतर जाणवणारही नाही, पण अर्ध-स्लगला ते समुद्राइतकेच दुस्तर होय. म्हणून एका डोंगररांगेवरील गोगलगायी शेजारच्या रांगेपासून तुटतात, आपापसांतच प्रजनन करीत राहतात आणि कालांतराने वेगळ्या जाती बनतात. समुद्रातील बेटांवर जे घडते तेच ओल्या जंगलाच्या बेटांवर घडते.

आकडेवारी या विवेचनाला पुष्टी देते. सह्याद्रीसह संपूर्ण पश्चिम घाटातून जमिनीवरील गोगलगायींच्या सुमारे २७० जातींची नोंद आहे आणि त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जाती अन्यत्र कोठेही सापडत नाहीत. संपूर्ण भारतासाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने २०१० मध्ये जी सूची प्रसिद्ध केली तीत अकराशेहून अधिक जाती आहेत. ज्या जातीचा आढळ ठरावीक भूप्रदेशापुरताच असतो तिला मराठीत ‘प्रदेशनिष्ठ’ म्हणतात. शब्द चांगला आहे, मात्र ‘निष्ठा’ या शब्दामुळे प्राण्याने तो प्रदेश निवडला असा समज होऊ शकतो. वस्तुतः तेथून त्याला हलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग इतकी जुनी असलेली वरदिया २०२१ पर्यंत अज्ञात कशी राहिली? याचे उत्तर अभ्यासाच्या पद्धतीत आहे. भारतातील जमिनीवरील गोगलगायींचा पायाभूत ग्रंथ म्हणजे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतील तीन खंड. पहिला ब्लॅनफर्ड व गॉडविन-ऑस्टेन यांचा (१९०८), पुढचे दोन गुडे यांचे (१९१४ व १९२१). यांपैकी विल्यम ब्लॅनफर्ड हे मुळात भूगर्भशास्त्रज्ञ. इंदूरच्या दक्षिणेकडील नर्मदा व तापी खोऱ्यांचे त्यांचे सर्वेक्षण १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. गॉडविन-ऑस्टेन म्हणजे ज्यांचे नाव के-टू शिखराला देण्यात आले होते तेच. शंखाबरोबर आतील शरीररचनाही तपासावी याकडे गॉडविन-ऑस्टेन यांनी लक्ष वेधले, तरी त्या काळातील पुष्कळशा जातींचे वर्णन रिकाम्या शंखावरूनच झाले. अर्ध-स्लगचा नाजूक, नखाएवढा शंख मेल्यावर फार काळ टिकत नाही आणि टिकला तरी त्यावरून ओळख पटत नाही. तिची ओळख प्रजनन संस्थेच्या रचनेवरून ठरवावी लागते. त्यासाठी भर पावसात, जिवंत प्राणी हाताशी यावा लागतो. नेमक्या त्याच महिन्यांत घाटातली वाट सर्वांत अवघड असते.

वरदियाच्या आधीच्या वर्षी, २०२० मध्ये, आंबोलीच्याच हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातून एका लहान माशाच्या नव्या जातीचे वर्णन झाले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या माशासाठी मंदिराच्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. एका बोटभर माशासाठी कुंड राखता येते, हे त्यातून दिसले. पाचोळ्यात राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत काम कठीण आहे, कारण त्याला कुंडासारखी काठ असलेली जागा नसते. झाडांची सावली गेली, पाचोळा जाळला किंवा उतारावर रस्ता कापला की खालची जमीन वाळते. गोगलगायीला कोणी हात न लावताही तिचे घर संपते.

ज्यांनी नावे ठेवली त्यांनीच

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. शेतात उपद्रव करणारी मोठी शंखी गोगलगाय पूर्व आफ्रिकेतील होय. तिला पूर्वी ‘अचाटिना फ्युलिका’ म्हणत, आता ‘लिसाअचाटिना फ्युलिका’ म्हणतात. तिचा शंख वीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो. ती एका वेळी शंभर ते चारशे अंडी घालते. प्रत्येक प्राणी नर-मादी दोन्ही असतो आणि एकदा मीलन झाल्यावर दीर्घकाळ अंडी घालू शकतो. चुना कमी पडला तर ती घराच्या भिंतीवरील सफेदी खरवडून खाते.

ती भारतात आपल्या पायाने आली नाही. १८४७ मध्ये विल्यम हेन्री बेन्सन या बंगालमधील मुलकी अधिकाऱ्याने मॉरिशसहून तिचे जिवंत नमुने कलकत्त्यास आणले आणि ते चौरंगी भागातील एका बागेत सोडले गेले. विशेष म्हणजे हेच बेन्सन भारतीय गोगलगायींचे आद्य अभ्यासक होत. या देशातील कितीतरी प्रदेशनिष्ठ जातींच्या शास्त्रीय नावापुढे आजही त्यांचे नाव लिहिले जाते. दुर्मीळ जातींना ज्याने नावे दिली, त्याच्याच हातून सर्वांत उपद्रवी जातीला दार उघडले गेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या काळी असे करणे हौस मानली जाई. परंतु थोड्या प्राण्यांपासून काय होऊ शकते हे अमेरिकेतील फ्लोरिडाने दाखविले. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी खिशात घालून आणल्या आणि त्या बागेत सोडल्या गेल्या. सात वर्षांत त्यांची संख्या अठरा हजारांवर गेली. त्यांचा नायनाट करण्यास १९७५ साल उजाडले.

उपाय करताना मात्र अधिक सावध असावे लागते. पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावर याच आफ्रिकन गोगलगायीचा बंदोबस्त करण्यासाठी १९७७ मध्ये एक मांसाहारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने आफ्रिकन गोगलगायीकडे फारसे लक्ष दिले नाही. झाडांवर राहणाऱ्या, नखाएवढ्या ‘पार्तुला’ या स्थानिक गोगलगायी मात्र तिला सोप्या सापडल्या. दहा वर्षांच्या आत मोरेआवरील पार्तुलाच्या सातही जाती निसर्गातून नाहीशा झाल्या. अभ्यासकांनी वेळीच काही प्राणी प्राणिसंग्रहालयांत नेले म्हणून काही जाती वाचल्या, आणि २०१५ पासून त्यांची पिल्ले पुन्हा त्या बेटांवर सोडली जात आहेत. सर्वच प्रदेशनिष्ठ जातींना असे नशीब लाभले नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार १५०० सालापासून नष्ट झाल्याची नोंद असलेल्या ६९३ प्राणिजातींपैकी २९१ मृदुकाय, म्हणजे शंख-शिंपल्यांच्या वर्गातील होत्या, आणि त्यांत समुद्रातील फारच थोड्या. वाघ व माळढोक यांच्या चर्चेत हा आकडा क्वचितच ऐकू येतो.

रासायनिक आमिषाचेही असेच आहे. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परकी आणि स्थानिक असा भेद करीत नाहीत. पक्षी व सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्यामुळे ग्रेट ब्रिटनने २०२२ मध्ये त्यांच्या घराबाहेरील वापरावर बंदी घातली. सपाट शेतात, पिकाच्या ओळीत त्यांचा मोजका वापर समजू शकतो. ओढ्याकाठी, देवराईजवळ किंवा जंगलाच्या कडेला त्या टाकणे ही वेगळी बाब आहे. शिवाय काजव्याच्या अळ्या गोगलगायींवरच जगतात, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. मृगाच्या आसपास झाडे उजळवणारे काजवे आदल्या पावसाळ्यात पाचोळ्यातील लहान गोगलगायी खाऊनच वाढलेले असतात.

मराठवाड्यात जो उपाय प्रचारात आला तो साधा व बऱ्यापैकी परिणामकारक आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे सायंकाळी बांधाबांधाने अंथरावी, रात्रीत त्यांखाली जमलेल्या गोगलगायी सकाळी गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्या, आणि बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढावा. शेतकऱ्यांनी गावभर एकत्र येऊन केले तरच याचा उपयोग होतो.

रोपवाटिका शिकविताना

शंखी गोगलगाय शेतातून शेतात चालत जाण्यापेक्षा कुंडीतून शहरात जास्त जाते. बाहेरगावाहून आलेल्या रोपाच्या मातीत अंडी असतात, रोप विकले जाते आणि त्याबरोबर गोगलगायही. म्हणून रोपवाटिकेचा अभ्यासक्रम चालविणाऱ्या कॉलेजात हा विषय प्राणिशास्त्राचा न राहता कामाचा होतो. नवीन रोपे आली की ती काही दिवस वेगळी ठेवावी आणि कुंडीची माती एकदा ताटावर उलटून पाहावी. साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी अंडी झुबक्याने दिसली तर ती चिरडून टाकावी.

लहान गोगलगाय दिसली तर ती लगेच मारू नये, आधी पाहावी. शंखी गोगलगायीचे पिल्लूही निमुळत्या, टोकदार शंखाचे असते व त्यावर तपकिरी उभे पट्टे असतात. शंख चपटा चकतीसारखा असेल, त्याच्या तोंडावर गोल घट्ट झाकण असेल किंवा पाठीवर नखाएवढाच शंख असेल, तर तो प्राणी वेगळा आहे. त्याचे वरून, बाजूने आणि शंखाचे तोंड दिसेल असे तीन फोटो काढून दिनांक व जागा वहीत लिहावी आणि त्याला तेथेच सोडावे. कोणतीही गोगलगाय उघड्या हाताने मात्र उचलू नये. उंदरांच्या फुफ्फुसातील एका जंताच्या अळ्या गोगलगायींच्या अंगात वाढतात आणि त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. शंखी गोगलगाय या जंताची मोठी वाहक आहे. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवावी आणि नंतर हात साबणाने धुवावे.